घास भरवण्याचंही शिक्षण असतं

१९८६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, मुलांच्या वॉर्डात मी स्टाफ नर्स होते. नोकरीला तीन वर्षं झाली होती. गणवेश कडक इस्त्रीचा होता आणि आपल्याला सगळं येतं हा समजही पक्का होता. सात नंबरच्या खाटेवर नऊ वर्षांचा एक मुलगा होता. ताप आणि खोकला म्हणून दाखल केलेला. हातपाय ताठ, मान लटपटती, बोलणं नाही. केसपेपरवर डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ लिहिलं होतं. वॉर्डात मात्र त्याचं नाव ‘तो लुळा मुलगा’ असंच पडलं होतं. त्याची आई त्याला सोन्या म्हणायची.

त्या दुपारी आई औषधं आणायला खाली गेली होती. जेवणाची वेळ टळून चालली होती. मला वाटलं, बिचारी दमली असेल, आपणच भरवू या. चांगल्या मनानंच केलं, हे आजही सांगेन. खाटेवर तो जसा निजला होता तसाच, मान मागे पडलेली असताना, मी त्याच्या तोंडात पेजेचे चमचे सोडत गेले. चौथ्या-पाचव्या चमच्याला त्याचा श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडले. पळापळ झाली, सक्शन मशीन आलं, डॉक्टर आले, मूल वाचलं. पण पुढे न्युमोनिया झाला आणि आणखी पंधरा दिवस तो खाटेवरून उठला नाही.

आई ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “त्याला मांडीवर उभा धरून भरवायचं असतं. मला इचारायचं की वो, बाई.”

दिवाळीनंतर त्या गावची नर्सबाई एका बैठकीला आली होती. तिच्याकडून कळलं, की तो मुलगा दसऱ्याच्या सुमारास गेला. तीन दिवस तापानं घरातच पडून होता. दवाखान्यात का नेलं नाहीस, असं तिनं विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, “तिथं काय करत्यात ते बघितलंय मी.”

पुढे मी शिकवणाऱ्यांत गेले, जवळजवळ तीस वर्षं परिचर्या शिकवली आणि आता निवृत्त होऊनही काही वर्षं झाली. पण हा विषय निघाला की मला पुस्तकं आठवत नाहीत, ती वाटी आणि तो चमचा आठवतो. माझ्या हातून झालेली चूक दुष्टपणाची नव्हती, निष्काळजीपणाचीही नव्हती. मला ते कुणी शिकवलंच नव्हतं. आणि त्याची किंमत मी नाही, एका मुलानं मोजली.

दया पुरत नाही

१९९१ साली ‘चौकट राजा’ हा चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून आमच्या वसतिगृहातल्या मुली डोळे पुसत परतल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी वॉर्डात नंदूसारखाच एक मुलगा सुई पाहून किंचाळायला लागला, तेव्हा त्याच मुली म्हणाल्या, “मॅडम, या येड्याला कोण धरणार?” मला त्यांचा राग आला नाही. आदल्या दिवशीचे अश्रू खरे होते आणि दुसऱ्या दिवशीची भीतीही खरी होती. दया माणसाला त्या खाटेपर्यंत नेते, पण खाटेपाशी गेल्यावर हातांनी काय करायचं, हे दया शिकवत नाही.

मग शिक्षण काय करतं? परिचारिकांच्या अभ्यासक्रमात हा विषय नाही असं नाही. बालआरोग्य परिचर्येच्या पुस्तकात त्याचं प्रकरण असतं, परीक्षेत त्यावर टीपही येते. व्याख्या, कारणं, प्रकार, लक्षणं सगळं पाठ होतं. टीप लिहून पाच गुण मिळवलेली मुलगी तशा मुलाला हात लावायला मात्र घाबरते, कारण तिनं असं मूल कधी मांडीवर घेतलेलंच नसतं.

या काळात कायदे बदलले, शब्द बदलले. ‘मतिमंद’चं ‘विशेष मूल’ झालं, मग ‘दिव्यांग’ झालं. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले. मधल्या काळात, १९९९ साली, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा आला. हे सगळं स्वागतार्हच आहे. पण कायद्यातला शब्द आणि वॉर्डातला हात यांच्यातलं अंतर अजून मिटलेलं नाही.

कुणी म्हणेल, अशी मुलं असतात तरी किती? २०१८ साली देशातल्या पाच ठिकाणच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दृष्टी व श्रवणदोष, फेफरं, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता अशा गोष्टी एकत्र धरल्या, तर दोन ते सहा वर्षांच्या शंभर मुलांत नऊ आणि सहा ते नऊ वर्षांच्या शंभर मुलांत तेरा-चौदा मुलांना यांपैकी काही ना काही असल्याचा अंदाज त्यात निघाला. म्हणजे हा कोपऱ्यातल्या एखाद्या संस्थेचा प्रश्न नाही. प्रत्येक वॉर्डात, लसीकरणाच्या प्रत्येक रांगेत हे मूल उभं आहे. डॉक्टर त्याच्यापाशी दहा मिनिटं थांबतात. सिस्टर आठ तास असते.

काय शिकवायचं?

वाचकहो, एक करून पाहा. मान पूर्ण मागे टाका, छताकडे बघा आणि नुसती लाळ गिळा. जड जातं ना? धडधाकट माणसाची ही गत, तर ज्याच्या तोंडाचे आणि घशाचे स्नायू ऐकतच नाहीत त्या मुलाचं काय होत असेल? अन्न अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात जातं. पुन्हापुन्हा होणारा न्युमोनिया कित्येकदा इथूनच येतो. काही मुलं तर ठसकतही नाहीत. घास गपचूप चुकीच्या वाटेनं जातो. म्हणून मूल बसतं धरायचं, पाठीला आणि पायांना आधार द्यायचा, मान मधोमध, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान, समोरून, तोंडाच्या पातळीवर. एक घास गिळला गेल्याशिवाय दुसरा नाही. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर पदार्थ बऱ्याच मुलांना सोपा जातो. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. आवाज ओलसर, घरघरता यायला लागला की थांबायचं. हे सगळं मला १९८६ साली माहीत असतं तर!

दुसरी गोष्ट दुखण्याची. जे मूल बोलत नाही त्याला दुखत नाही, असं आपण नकळत धरून चालतो. ‘तो नेहमीच रडतो’ म्हणून केसपेपर बाजूला ठेवला जातो आणि आतून कान फुटलेला असतो, दाढ किडलेली असते, नाहीतर आठवडाभर पोट साफ झालेलं नसतं. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं या पाच गोष्टी पाहून वेदनेला दहापैकी गुण देण्याची साधी पद्धत आहे. पण तीही आईला विचारल्याशिवाय पुरी होत नाही, कारण एखादं मूल दुखलं की रडत नाही, अगदी गप्प होतं, हे आईलाच ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट फेफऱ्याची. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, दातांत चमचा घालणं हे आपल्याकडे शिकल्या-सवरलेल्या घरांतही चालतं. मुलाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या वस्तू दूर करायच्या, घड्याळ बघायचं आणि झटका पाच मिनिटांपुढे गेला तर औषध द्यायचं. आज त्यासाठी नाकात मारायचा फवाराही मिळतो. आणखी एक बारीकशी पण जिवावरची गोष्ट : मूल जुलाबासाठी दाखल होतं, नव्या औषधांचा कागद तयार होतो आणि त्याची रोजची फेफऱ्याची गोळी त्या कागदावर यायची राहते. ती चालू आहे ना, हे पाहणं सिस्टरच्या हातात असतं. औषधाची मात्राही वयावर नाही, वजनावर ठरते. सेरेब्रल पाल्सी असलेलं नऊ वर्षांचं मूल चौदा किलोचंही असू शकतं.

स्वमग्न मुलाचं वेगळं. त्याला सुईपेक्षा ट्यूबलाइटची घूं-घूं, चिकटपट्टीचा स्पर्श, एकाच वेळी बोलणारी चार माणसं जास्त बोचतात. आपण काय करतो? चौघे मिळून त्याला दाबून धरतो. त्या दिवशी सलाईन लागतं, पण पुढली कित्येक वर्षं ते मूल पांढरा कोट पाहून जमिनीवर लोळण घेतं. त्याऐवजी आईच्या मांडीवर बसवून, एकाच माणसानं हळू बोलत, आधी बाहुलीला पट्टी लावून दाखवली तर दहा मिनिटं जास्त जातात आणि पुढचे अनेक तास वाचतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत जवळजवळ निम्म्यांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि काहींच्या मानेचे सांधे सैल असतात. त्यांना उचलताना मानेला हिसका बसता कामा नये. साधी सूचना, पण ती कुणीतरी एकदा सांगावी लागते.

आणि मुली मोठ्या होतात, हेही शिकवावं लागतं. १९९४ साली शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं होतं. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असं कारण दिलं गेलं. महिला संघटनांनी विरोध केला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी वर्तमानपत्रांत हक्कांची चर्चा खूप झाली आणि ती योग्यच होती. मी मात्र तेव्हा वर्गात विद्यार्थिनींना विचारलं होतं, “चित्रं दाखवून, रोज तेच तेच न कंटाळता सांगून एका मुलीला पॅड बदलायला शिकवायचं हे कुणाचं काम?” बराच वेळ कुणी बोललं नाही. ते काम करणारे हात जिथं नसतात, तिथं सुरी हाच सोपा उपाय वाटू लागतो. पडदा ओढल्याशिवाय कपडे काढायचे नाहीत, हात लावण्याआधी सांगायचं, हा नियम समज कमी असलेल्या मुलीलाही लागू आहे. तिला तर अधिकच.

पेन्सिलीची रेघ

परिचर्या म्हणजे नुसती आजारपणातली सेवा नव्हे. लवकर ओळखणं हाही तिचाच भाग आहे. आज नवजात बालकांच्या विशेष कक्षांमुळे पूर्वी हाती न लागणारी चिमुकली बाळं जगतात. त्यांतल्या काहींचा विकास मागे पडतो. अशा बाळांना पहिल्यांदा नियमितपणे पाहणारी व्यक्ती म्हणजे लस टोचणारी नर्स. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रात तयार झालेला एक तक्ता आहे. पहिल्या दोन वर्षांसाठी फक्त सतरा गोष्टी : हसून प्रतिसाद देणं, मान धरणं, उभं राहणं, चालणं अशा. बाळाच्या वयाच्या जागी पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडच्या गोष्टी बाळाला यायला हव्यात. पाच-सात मिनिटांचं काम. त्याला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही.

त्यापुढची वाटही सरकारनं आखली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरहूनच झाली. गावोगाव फिरणाऱ्या त्याच्या पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. संशयित मुलाला पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं, अशी योजना आहे. पण आई जेव्हा विचारते, “सिस्टर, हा अजून बसत का नाही?” तेव्हा “बसेल हळूहळू”, “मुलगे उशिराच बोलतात” असं धीराचं उत्तर मिळालं तर ती वाट तिथंच संपते. धीर देण्याच्या नादात मुलाची मोलाची दोन वर्षं जातात. न घाबरवता खरं कसं सांगावं, हेसुद्धा शिकवावंच लागतं. तो जन्मजात गुण नाही.

शिकवणार कोण?

नव्वदीच्या शेवटी मी वर्गात एक प्रयोग सुरू केला. जवळच्या विशेष शाळेतल्या तीन आयांना बोलावलं. खुर्चीवर त्या बसल्या आणि मी विद्यार्थिनींत जाऊन बसले. पहिली बाई लाजत होती. म्हणाली, “मी सातवी शिकलेली, मी काय शिकवू?” मग तिनं मांडीवरच्या मुलाला वरणभात भरवला. त्याच्या गालाला बोटानं हलकेच कसं चोळायचं, जबडा कसा तोलायचा, तो नको म्हणतो ते डोळ्यांनी कसं कळतं, हे तिनं वीस मिनिटांत दाखवलं. माझ्या चार तासांच्या टिपणांत ते नव्हतं. मग मुलींनी एकमेकींना भरवून पाहिलं. भरवून घेणारीनं बोलायचं नाही, हात हलवायचे नाहीत. एक मुलगी उठून म्हणाली, “मॅडम, ती चमचा माझ्याकडे न बघताच घालत होती. मला अपमान झाल्यासारखं वाटलं.” तो धडा आम्हाला कुठल्याच पुस्तकानं दिला नसता.

इंग्लंडमध्ये परिचर्येच्या चार शाखांपैकी एक शाखा बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या सेवेसाठी आहे. तिथंही सगळं आलबेल नाही. २०१६ साली ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा स्वमग्न तरुण रुग्णालयात दगावला. जे औषध सोसत नाही म्हणून त्यानं आणि त्याच्या आईवडिलांनी नको म्हटलं होतं, त्याच प्रकारचं औषध त्याला दिलं गेलं होतं. त्याच्या आईनं लढा दिला आणि २०२२च्या कायद्यानं तिथल्या आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्या प्रशिक्षणात स्वतः स्वमग्न असलेली आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसंही शिकवतात. माझ्या वर्गातल्या सातवी शिकलेल्या बाईंची आठवण मला ते वाचून झाली.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. परिचारिकेची नोंद परिचर्या परिषदेकडे, विशेष शिक्षकाची पुनर्वास परिषदेकडे. दोघींची शिकवणी वेगळी, इमारत वेगळी, आणि मूल मात्र एकच. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक विद्यार्थिनीनं निदान दोन आठवडे विशेष शाळेत किंवा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काढावेत. पाहुणी म्हणून नाही, भरवायला, उचलायला, अंघोळ घालायला. प्रात्यक्षिक परीक्षेत जशी ड्रेसिंगची ट्रॉली मांडून दाखवावी लागते, तसं मुलाला बसवून भरवून दाखवावं लागावं. जे परीक्षेत नाही ते आपल्याकडे शिकलं जात नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवानं सांगते. यातूनच पुढे काहीजणी खास प्रशिक्षण घेतील, त्यांच्यासाठी पदंही हवीत. पण त्या मोजक्यांची वाट बघत बाकीच्यांनी हात बांधून बसायचं नाही.

चाळीस खाटा, एक सिस्टर

यावर माझ्याच विद्यार्थिनी मला सुनावतात. “मॅडम, रात्रपाळीला चाळीस मुलं आणि मी एकटी. एका मुलाला अर्धा तास भरवत बसू?” त्यांचं चुकत नाही. रिकाम्या जागा भरल्याशिवाय नुसतं प्रशिक्षण देणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीचे रीतिरिवाज शिकवणं. मनुष्यबळाचा प्रश्न शासनानं सोडवलाच पाहिजे, त्याला पर्याय नाही. पण सोन्याच्या वेळी मला वेळ नव्हता असं नव्हतं. मी वेळ काढून चूक केली. न शिकलेला हात गर्दीत जितका धोक्याचा, तितकाच फुरसतीतही. आणि दाखल करताना आईला पाच प्रश्न विचारायला तीन मिनिटं लागतात : कसं भरवता? दुखलं की कसं कळतं? झटके येतात का, औषध कोणतं? कशाची भीती वाटते? कशानं शांत होतो? ही उत्तरं केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहिली तर पुढच्या पाळीच्या सिस्टरलाही ती मिळतात.

ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांनी या पाच प्रश्नांची उत्तरं आजच एका कागदावर लिहून औषधांच्या पिशवीत ठेवावीत. ज्यांच्या घरी परिचर्या शिकणारी लेक आहे, त्यांनी तिला एखादा रविवार जवळच्या विशेष शाळेत किंवा वसतिगृहात घालवायला सांगावं.

सोन्या असता तर आज पन्नाशीच्या जवळ आला असता. त्याच्या आईचा पत्ता मी नंतर शोधला नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. पण निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नव्या तुकडीच्या पहिल्या तासाला मी तिचं ते वाक्य, तिच्याच बोलीत, फळ्यावर लिहीत असे. मुली आधी हसायच्या. वाटी-चमच्याची हकिकत सांगून झाली, की मग वहीत उतरवून घ्यायच्या.